निगेटिव्हचे दिवस

आज निकॉनचा कूलस्कॅन ४००० हा फिल्म स्कॅनर पुन्हा टेबलावर घेतला. त्याला फायरवायर जोडणी लागते, आणि नव्या कॉम्प्युटरला तिची जागाच नसते. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये फायरवायरचं कार्ड बसवलं, व्ह्यूस्कॅन हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर टाकलं, आणि यंत्र बोलू लागलं. किती आनंद झाला! ३५ मिमीच्या एका फ्रेममधून सुमारे २ कोटी पिक्सेल मिळतात. फोटोतल्या आईच्या साडीचे काठसुद्धा स्पष्ट दिसले. रंगीत फिल्मवरची धूळ हा स्कॅनर अवरक्त किरणांनी हेरतो. कृष्णधवल फिल्ममधली चांदी मात्र हे किरण अडवते, म्हणून तिथे ही सोय बंद ठेवायची आणि ब्लोअरनेच धूळ उडवायची. माळ्यावर निगेटिव्ह असतील, तर स्कॅन झाल्यावरही त्या टाकू नका. मूळ प्रत तीच आहे.