सगळे दिवे एकदम लागले तेव्हा

आज बागेचं नाही, गाडीचं लिहितोय. पण बागायतदारानं वाचावं असं आहे.

दोन वर्षांपूर्वी द्राक्षाचे बरे पैसे झाले तेव्हा हौसेनं एक जुनी डिझेल एसयूव्ही घेतली. २०१६ चं मॉडेल, परदेशी कंपनीचं, नाव नको. आबा तेव्हाच म्हणाले होते, "हत्ती दारात बांधतोयस, वैरण बघ." मी हसण्यावारी नेलं.

छाटणीला दहा दिवस उरले होते. सकाळी स्टार्टर मारला तर गाडी जरा जड सुरू झाली आणि डॅशबोर्डवर गणपतीची रोषणाई! एबीएस, एअरबॅग, स्टेअरिंग, सस्पेन्शन, इंजिन, सगळे दिवे एकदम. शहरातल्या गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, तेवीस कोड निघाले. स्टेअरिंगचं युनिट, एबीएसचं युनिट आणि किरकोळ मिळून एस्टिमेट दिलं दोन लाख चाळीस हजार. आता छाटणी, पेस्टिंग, मजुरी आणि औषधं, हे सगळं ज्या पैशातून करायचं तो पैसा तेवढाच होता. तरी खरं सांगतो, मी हो म्हणायच्या बेतात होतो. गाडी दारात बंद उभी राहिली तर गाव काय म्हणेल, हेच डोक्यात.

रात्री जेवताना हिनं एकच विचारलं, "एका रात्रीत सहा पार्ट मेले कसे?"

घास हातातच राहिला. वेलीची कोवळी पानं पिवळी पडली की आपण लगेच फेरस ओततो का? शिरा हिरव्या आहेत का बघतो, जमीन चुनखडीची आहे का, मुळाशी पाणी साचलंय का बघतो, देठ परीक्षण करतो. लोह जमिनीत असतं, वेलीला उचलता येत नाही. हे मी चार जणांना शिकवतो. आणि गाडीच्या बाबतीत दिवा दिसला की पार्ट बदलायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे ट्रॅक्टरचं वायरिंग करणाऱ्या पोराला बोलावलं. तो म्हणाला, "नाना, आधी अर्थिंग बघू. डीपीचा न्यूट्रल गेल्यावर घरात काय होतं?" काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. एक बल्ब मिणमिणतो, दुसरा उडतो, आणि दोष बल्बचा नसतो.

त्यानं मल्टिमीटर लावला. बॅटरी उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट, म्हणजे ठीक. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या लोखंडाला, आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. काटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला पाहिजे. आला दीड. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी गंजून निम्मी उरली होती. (दर आठवड्याला शेतातल्या पंपानं गाडी खालून धुणारा मीच.) स्टार्टर मारला की व्होल्टेज पडायचं, की सगळी युनिटं एकमेकांशी बोलायची थांबायची आणि प्रत्येक जण आपापला दिवा लावायचा. कोडची यादी नीट वाचली तर बहुतेक ओळी "व्होल्टेज कमी" नाहीतर "संपर्क तुटला" अशाच होत्या. युनिट मेलं असं एकातही नव्हतं.

नवी पट्टी, घासलेली टर्मिनलं, मजुरी धरून अठराशे रुपये. कोड वहीत तारखेसह लिहून ठेवले, फवारणीचे लिहितो तसे, आणि मग पुसले. आठ दिवसांत कोणते परत येतात ते बघायचं.

एकच आला. पी२४६३. धुराड्यातल्या डीपीएफमध्ये काजळी साठली.

हा मात्र माझाच गुन्हा. ही जाळी साफ व्हायची तर गाडी आतल्या आत जादा डिझेल देऊन ती सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळते. त्याला सलग वीस-पंचवीस मिनिटं पळणं लागतं. माझी गाडी घर ते मळा चार किलोमीटर, मळा ते सोसायटी तीन. दर वेळी जाळणं अर्धवट. न जळलेलं डिझेल उतरतं इंजिनच्या ऑईलमध्ये. ऑईल कमी होतं हे ऐकलं होतं, वाढलेलं पहिल्यांदा पाहिलं! पातळ ऑईलवर असंच फिरलो असतो तर टर्बो आणि बेअरिंग गेलं असतं, मग दोन चाळीस पण कमी पडले असते. एक जण म्हणाला, डीपीएफ कापूनच टाक. म्हटलं, धूर पुढच्याच्या बागेवर सोडू का? स्कॅनरनं जाळून घेतलं, ऑईल आणि फिल्टर बदलला. चौदा हजार.

गाडी वाईट नाही. हायवेची गाडी मी बैलगाडीच्या वाटेवर जुंपली होती. आता मळ्यात मोटारसायकल, आणि रविवारी आबांना घेऊन पिंपळगावहून चांदवडपर्यंत एकाच दमात. लाल दिवा लागला तर जागेवर बंद करायची, पिवळा लागला तर आधी वही काढायची, एवढं ठरलंय.

परवा निघालो तर परत पिवळा दिवा. माझ्या पोटात गोळा. आबा शांतपणे उतरले, मागच्या चाकाकडे वाकले आणि बाभळीचा काटा दाखवत म्हणाले, "स्कॅनर लावतो का याला?"