आठ की नऊ?

परवा शेजारच्या आजींनी (अमेरिकन आहेत, पण आमच्या मुलांच्या आजीच) रुमालाची पुरचुंडी हातात ठेवली. आत तांब्याचं काळपट नाणं, साधारण आपल्या राणीछाप रुपयाएवढं. आजोबा तीस वर्षं सांगत आले होते, "हा 1799 चा सेंट आहे. अडीनडीला विक." आजोबा गेले, आणि आता छप्पर गळायला लागलंय. मला जुन्या नाण्यांचं वेड, म्हणून आजी माझ्याकडे आल्या.

1799 चा सेंट फार दुर्मिळ, 1798 चा भरपूर मिळतो. आणि नेमका शेवटचा आकडा झिजलेला! वरचा गोल दिसतो, खाली सगळं सपाट. आठ की नऊ? खरं सांगू, मला नऊच दिसायला लागला. दिसावा अशी इच्छा होती ना!

पण त्या काळी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत ठशावर अक्षरं आणि आकडे एकेक करून हाताने ठोकत. त्यामुळे कुठलेही दोन ठसे तंतोतंत सारखे नाहीत. कुठे अक्षर तिरकं, कुठे आकडा जरा वर सरकलेला. विल्यम शेल्डन यांनी 1949 च्या पुस्तकात या ठशांच्या जोड्यांना क्रमांक दिले. 1798 ला चाळीसच्या वर, आणि 1799 ला दोनच, 188 आणि 189. म्हणजे आकडा गेला तरी बाकीचं नाणं साक्ष देतं.

रात्री टेबललॅम्प आडवा धरला, भिंग घेतलं आणि नाणं हळूहळू फिरवत बसले. तिरक्या उजेडात पुसट उंचवटे सावली टाकतात. मागच्या बाजूची पानं, बोरं, अक्षरं कुठे येतात ते फोटोंशी ताडून पाहिलं. दोन्हींपैकी एकाशीही जुळेना. 1798 च्या एका जोडीशी मात्र पानन् पान जुळलं.

दोन दिवस आजींना टाळलं. काल जाऊन सांगून टाकलं.

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चष्मा लावायची त्याला भारी लाज वाटायची." आणि हसल्या. नाणं पुन्हा रुमालात बांधलं, अगदी आधीसारखंच जपून.

छपराचं काय करायचं ते बघायला शनिवारी आमचे हे शिडी घेऊन जाणार आहेत.

असो. तुम्हाला कधी हवा तोच आकडा दिसलाय का?