मासोळ्याइले बिसलेरी!

बुटीबोरीत राहतो असं सांगितलं की पुण्या-मुंबईच्या मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘तिथे करतोस काय?’ खरंय बॉस. नागपूरपासून पंचवीस-तीस किलोमीटर, एमआयडीसी, ट्रकच्या रांगा, तीन शिफ्ट. मॉल, मल्टिप्लेक्स, डेट... सगळं नागपूरला. ड्युटी संपवून रूमवर आलं की उरतो तो मोबाइल आणि डोक्यावरचा पंखा. त्यामुळे इथल्या बॅचलर इंजिनीअरला काहीतरी नाद लागतोच. कुणी जिमला जातो, कुणी रविवारभर बाइक पुसतो. मी मासे पाळतो.

हॉलमध्ये तीन फुटी टँक आहे, साधारण १६० लिटरची. त्यात पाच डिस्कस. ताटलीसारखा गोल, चपटा, अंगावर निळ्या-केशरी रेघा आणि चेहऱ्यावर ‘मी कुणाचं ऐकत नाही’ असा भाव. मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथलं पाणी इतकं मऊ की क्षार जवळजवळ नसतातच. आणि आमच्या बोअरचं पाणी? टीडीएस मीटर बुडवला, आकडा आला ८६०! भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार ठीक, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत. म्हणजे माणसाचं भागतं. डिस्कसचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग गप्पी पाळ ना! अगदी बरोबर. गप्पी, मॉली, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड या मंडळींना जड पाणीच मानवतं. पाणी बघून मासा निवडावा, हे शहाणपणाचं. पण माझ्या डोक्यात कॉलेजपासून डिस्कस बसलेला. प्रेमात पडताना कुणी टीडीएस बघतं का?

शिवाय पाणी मऊ करणं हेच माझं पोटापाण्याचं काम. कंपनीत मी बॉयलरचं पाणी बघतो. तिथला आरओ प्लांट एका खोलीएवढा, घरचा भिंतीवर टांगण्याएवढा. तत्त्व तेच. दाब देऊन पाणी मेंब्रेनमधून ढकलायचं, पाणी पलीकडे जातं, बहुतेक क्षार अलीकडे राहतात. हे जमवणारं पहिलं कामाचं मेंब्रेन १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात तयार झालं. करणारे दोघे, सिडनी लोब आणि आपला श्रीनिवास सौरीराजन. आपल्याकडे घरोघरी आरओ लागले, पण सौरीराजन हे नाव किती जणांनी ऐकलंय?

सुटे पार्ट नागपूरहून आणले. आधी गाळाचा फिल्टर, मग कार्बन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मेंब्रेन खराब करतं, म्हणून कार्बन आधीच लावायचा), मग छोटा पंप, शेवटी ७५ गॅलनचं मेंब्रेन. म्हणजे दिवसाला २८० लिटर... कागदावर! तो आकडा २५ डिग्रीच्या पाण्याचा. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नवतपात हात घालवत नाही इतकं तापतं, आणि साधारण ४५ डिग्रीच्या पुढे मेंब्रेनची गॅरंटी संपते. म्हणून माझा आरओ रविवारी पहाटे पाचला सुरू होतो. बॅचलर माणूस रविवारी पाचला उठतो, यावर आई अजून विश्वास ठेवत नाही.

निव्वळ आरओचं पाणी मात्र टँकमध्ये ओतायचं नसतं. त्यात काहीच उरलेलं नसतं, त्यामुळे आम्लता कधी वाढेल आणि मासे कधी आडवे होतील, सांगता येत नाही. मी तीन भाग आरओ, एक भाग बोअर असं मिसळतो. टीडीएस २५० च्या आसपास बसतो, आणि फार्मवर वाढलेल्या डिस्कसला तेवढा चालतो. आठवड्याला ४० लिटर पाणी बदलायचं, म्हणजे ३० लिटर आरओचं. उन्हाळ्यात टँकचं पाणी रोज आटतं, पण क्षार आत तसेच राहतात. तेवढी भर तेवढी निव्वळ आरओच्या पाण्याची.

इथवर सगळं इंजिनीअरिंग होतं. मग एका रविवारी खालच्या घरमालकीण काकू वर आल्या. हातात झाडू. नजर बाल्कनीतल्या पाइपवर.

‘‘काहून रे बाबू, हे पाणी काहून वाहून राहिलं?’’

‘‘काकू, मासोळ्यांसाठी पाणी साफ करतोय. हे त्यातलं उरलेलं.’’

‘‘किती उरते?’’

‘‘एका बादलीमागे तीन.’’

काकू थोडा वेळ टँककडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मासोळ्याइले बिसलेरी, अन् आमी टँकरच्या मांगं पळाचं?’’

आवाज चढवला नाही. भाडेकरूला घालवायचं असतं तर एक वाक्य पुरलं असतं, तेही बोलल्या नाहीत. आणि एप्रिल लागला होता. बोअर तासाभरात धापा टाकत होती.

घरगुती आरओची ही गोष्ट काही लपलेली नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओ वापरायला मनाई करा आणि जिथे वापराल तिथे ६० टक्क्यांहून जास्त पाणी परत मिळवा, असं सरकारला सांगितलं होतं. माझा आरओ २५ टक्के मिळवत होता. कंपनीत आम्ही उरलेलं पाणी पुन्हा मेंब्रेनवर घेतो, एक-एक टक्क्यासाठी मीटिंगा होतात. मग घरी का नको?

५० लिटरचा ड्रम ठेवला. पंप त्यातून ओढतो, उरलेलं पाणी परत त्यातच सोडतो. ३० लिटर आरओचं झालं की थांबायचं. ड्रममध्ये २० लिटर राहतं, टीडीएस दोन हजारांच्या पुढे, पण संडासात ओतायला उत्तम. पूर्वी ९० लिटर वाहून जायचं, आता २०. यात फुकट काही नाही. इतकं खारं पाणी फिरवलं की मेंब्रेनवर थर लवकर धरतो आणि ते लवकर बदलावं लागतं. पण मेंब्रेनचा खर्च माझ्या एकट्याच्या खिशातून जातो, बोअर चार बिऱ्हाडांची आहे. टँकमधून काढलेलं जुनं पाणी काकूंच्या जास्वंदीला. माशांची घाण म्हणजे झाडांचं खत!

काकूंना हा सगळा हिशेब सांगितला. त्यांना टक्केवारीत रस नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘या पाण्यात दाळ शिजते का रे?’’

काय प्रश्न होता! जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून तूरडाळ शिजता शिजत नाही. माझ्या डोक्यात बॉयलर होता, डिस्कस होता. कुकर आलाच नव्हता. एक तांब्याभर पाणी दिलं. संध्याकाळी वाटीभर वरण वर आलं, सोबत निरोप, ‘‘दोन शिट्ट्यात शिजली बाप्पा!’’

तेव्हापासून रविवारी ३० ऐवजी ३२ लिटर काढतो. जूनमध्ये पाऊस लागला की आरओला सुट्टी. गच्चीच्या पाइपखाली ड्रम लावायचा, पहिल्या एक-दोन सरी वाहू द्यायच्या, मग भरायचा. मीटर लावला तर आकडा आरओपेक्षाही कमी दिसतो. मागच्या पावसाळ्यात माझा ड्रम लावून खाली आलो, तर शेजारच्या पन्हळीखाली काकूंचा मोठा गंज आधीच मांडलेला होता.