ओझं उचलायची रीत

ज्वारीचा डबा जमिनीवरून उचलायचा, तसंच कमरेतून वळायचं आणि गिरणीच्या तोंडात ओतायचा. आमच्या बार्शीतल्या पिठाच्या गिरणीत हे दिवसभर चालतं. वाकणं, वळणं आणि ओझं ही तिन्ही एकदम आली की मणक्यांमधल्या चकतीवर फार ताण पडतो, हे मला उजवा पाय बधिर झाल्यावर कळलं.

सुरुवातीला घरीदारी सगळे उसणच म्हणाले. शेजारच्या काकूंनी पायाळू माणूस शोधून त्याची लाथ लावून घ्यायला सांगितलं. भाऊजींनी कंबर बसवणाऱ्याचा पत्ता आणला. पण माझी कळ कमरेत थांबत नव्हती. मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून थेट अंगठ्यापर्यंत जायची. शिंक आली तरी पायात वीज चमकल्यासारखं व्हायचं.

अस्थिरोगतज्ज्ञांनी उताणं निजवून, गुडघा न वाकवता पाय वर उचलला. तो अर्ध्यावर जायच्या आतच मी ओरडले. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती मागे आलेली दिसली. तिचं बाहेरचं कडं चिरून आतला मऊ गर नसेवर दाबत होता.

‘ऑपरेशन करावं लागेल का हो?’ मी आधी तेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, ‘बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत औषध-व्यायामानं उतार पडतो. बाहेर आलेला गर बऱ्याचदा शरीरच हळूहळू जिरवतं. मात्र एक-दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरूण धरू नका.’ सासूबाईंना हे काही पटेना. कंबर धरली की फळीवर निजून राहायचं, हेच त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. मी मात्र आधी घरात, मग गल्लीत आणि पुढे भगवंत मंदिरापर्यंत चालायला लागले.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी पालथं निजून कोपरांवर छाती उचलायला शिकवलं. त्यांनी खूणही सांगून ठेवली: व्यायाम करताना कळ पायातून वर कमरेकडे सरकली तर बरं लक्षण, पायात आणखी खाली उतरली तर तिथंच थांबायचं. रात्रभर आडवं राहिल्यानं चकत्या पाणी धरून फुगतात, म्हणून उठल्याउठल्या वाकायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हापासून केर उशिरा काढते, तोही लांब दांड्याच्या झाडूनं.

गिरणीतही बदल केले. दळणाचे डबे आता जमिनीवर नाही, कमरेएवढ्या कट्ट्यावर ठेवायचे. मोठा डबा असला तर दळण छोट्या डब्यानं थोडंथोडं ओतते. डबा पोटाशी धरायचा आणि वळायचं ते पावलं टाकून. खाली काही पडलं तर गुडघ्यात वाकून उचलायचं. ‘वहिनी, एवढा वेळ?’ म्हणून गिऱ्हाइकं आधी कुरकुरली. आता ती स्वतःच डबा कट्ट्यावर ठेवून जातात.

कळ गेली, तरी अंगठ्याजवळ थोडी बधिरता आहे. व्यायाम रोज करते. एकदा दुखावलेली चकती पुन्हा दुखावू शकते, म्हणून बरं वाटलं तरी ते सोडायचे नाहीत. आणि कंबरदुखीबरोबर लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर घरगुती उपाय करत बसू नका. रात्र असली तरी तडक मोठा दवाखाना गाठा.