एक हजार तासांची पोळी

कोथरूडमधल्या आमच्या टू बीएचकेचं भाडं दोन गोष्टींवर चालतं : माझं पेमेंट वेळेवर येणं आणि माझ्या रूमीची फेलोशिप वेळेवर येणं. दोन्ही एकाच महिन्यात वेळेवर आल्याचं मला तरी आठवत नाही! मी फ्रीलान्सर, त्यामुळे 'पुढच्या महिन्यात नक्की' हे वाक्य मला तोंडपाठ. ती पॉलिमर केमिस्ट्रीत पीएचडी करते, तिचं वाक्य 'फाइल वर गेलीये'. पण मी काय करते ते निदान लोकांना सांगता तरी येतं. तिला लग्नाकार्यात कुणी मावशीने 'तू नेमकं काय करतेस गं?' असं विचारलं की ती सरळ म्हणते, 'प्लॅस्टिक बनवते.' मावशी गप्प.

तसं ते प्लॅस्टिकच आहे. पण भलतंच हुशार. नाव मेम्ब्रेन, जाडी वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही कमी. फ्युएल सेलमध्ये एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा आणि मध्ये हा पापुद्रा. काम वॉचमनचं. आयन तेवढे आत सोडायचे, गॅसला गेटवरच अडवायचं आणि इलेक्ट्रॉनला सांगायचं, 'बाबा रे, तू बाहेरून जा.' तो बिचारा वायरमधून वळसा घालून जातो, आणि त्याचा तो वळसा म्हणजेच आपली वीज. उलट वीज देऊन पाण्यातून हायड्रोजन काढायचा असेल, तर हाच वॉचमन इलेक्ट्रोलायझरमध्ये ड्युटीवर.

१९६५ साली नासाचं जेमिनी-५ अवकाशात गेलं तेव्हा त्यात असे फ्युएल सेल होते. त्यातलं मेम्ब्रेन पॉलिस्टायरिनच्या जातीचं होतं आणि फार टिकाऊ नव्हतं. पुढे ड्यूपाँटचं नेफिऑन आलं आणि तेच आजपर्यंत या गल्लीतलं दादा आहे. नॉनस्टिक तव्यावरच्या टेफ्लॉनचा कणा, त्याला लोंबणाऱ्या साखळ्या आणि साखळ्यांच्या टोकाला अॅसिड. बिल्डिंगचा स्लॅब पडताना मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात ना, तसे प्रोटॉन त्यात पाण्याच्या रेणूंवरून पुढे सरकतात. पाणी आटलं की रांग तुटली.

मग नेफिऑन असताना हिने पाच वर्षं का घालवावी? मीही विचारलं होतं. तिचं म्हणणं असं, की नेफिऑन अॅसिडवालं, आणि अॅसिडमध्ये टिकायचं तर प्लॅटिनम, इलेक्ट्रोलायझरला तर इरिडियम लागतं. सोन्याच्या पेढीवर जाऊन भाजी घेण्यासारखं ते. शिवाय त्यात फ्लोरिन. न कुजणाऱ्या फ्लोरिनवाल्या रसायनांवर सरसकट बंदी आणायचा प्रस्ताव युरोपात २०२३ साली मांडला गेला. म्हणून आता बरेच जण उलट्या दिशेने निघालेत : अॅसिडऐवजी अल्कली, प्रोटॉनऐवजी हायड्रॉक्साइड. तिथे निकेलवर भागतं. केंद्र सरकारच्या १९,७४४ कोटींच्या ग्रीन हायड्रोजन मिशनला हायड्रोजन स्वस्त हवा असेल, तर निकेल आणि इरिडियममधला हा फरक किरकोळ नाही.

गोची एकच. हायड्रॉक्साइडला वाट दाखवायला पॉलिमरवर धन भाराचे गट बसवावे लागतात आणि हायड्रॉक्साइड नेमका त्यांनाच कुरतडतो. ज्याला घरात घ्यायचं तोच भिंत पोखरतो! गट जास्त बसवले तर आयन सुसाट, पण मेम्ब्रेन पाणी पिऊन फुगतं, लिबलिबीत होतं. कमी बसवले तर मजबूत, पण आत कुणी जातच नाही. पातळ केलं तर वीज जास्त, पण हायड्रोजन झिरपतो. डिझाइन म्हणतात ते हेच. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या गटाने २०१९ साली पिपेरिडिनियम नावाचा बराच चिवट गट वापरून दाखवला आणि त्या वाटेने जगभरातल्या लॅब निघाल्या. माझी रूमीही त्यातलीच.

एकदा तिच्या लॅबमध्ये गेले होते. मला वाटलं होतं, काहीतरी सायन्स फिक्शन बघायला मिळेल. प्रत्यक्षात आमच्या आजीची आंबापोळी! पॉलिमर विरघळवून घट्टसर रस करायचा, काचेवर ओतायचा, पट्टीने एकसारखा पसरायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा. मग काच पाण्यात बुडवायची आणि कडेने हळूच पोळी सोडवायची. एक बुडबुडा राहिला की ती पोळी बाद. आजीची बाद झालेली पोळी निदान आम्ही खायचो तरी.

खरी परीक्षा पुढे. मेम्ब्रेनचे तुकडे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, ऐंशी डिग्रीला, एक हजार तास ठेवायचे. हिशेब करा, साधारण बेचाळीस दिवस. मधूनमधून एकेक तुकडा काढून त्याची आयन वाहून नेण्याची ताकद मोजायची. तिचा आधीचा फॉर्म्युला पाचशेव्या तासाला चिमट्यात धरताच तुटला. त्या रात्री ती घरी आली, भांडी घासली (टर्न माझी होती) आणि झोपली.

आता नव्या फॉर्म्युल्याचे सातशे वीस तास झालेत, एक्क्याण्णव टक्के ताकद शाबूत आहे. आणि नेमकं आत्ताच हिंजवडीतल्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलंय. डेटा अॅनालिस्ट. पगार फेलोशिपच्या दुपटीहून जास्त. फेलोशिपची पाच वर्षं दोन महिन्यांत संपतायत, वडील रिटायर झालेत, धाकट्या भावाची फी आहे. मी तिला स्पष्ट सांगितलं, घे नोकरी. 'पॅशन फॉलो कर' म्हणणारे बहुतेक जण आईवडिलांच्या फ्लॅटमध्ये राहतात, असा माझा अनुभव आहे. पण २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वदेशी हायड्रोजन बसचं उद्घाटन झालं, त्या संध्याकाळी तिने मला बातमी दाखवत, 'आत मेम्ब्रेन आहे,' असं ज्या आवाजात सांगितलं होतं, तो आवाज मी विसरलेले नाही. त्यामुळे सल्ला देऊनही मला धड बरं वाटेना.

तिने माझा सल्ला घेतलाही नाही आणि टाकलाही नाही. जॉइनिंग पुढे ढकलायला मेल केली. कंपनीने दहा दिवस दिले. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तिने लगेच गणित मांडलं : सातशे वीस अधिक दोनशे चाळीस, म्हणजे नऊशे साठ. चाळीस तास कमी पडतायत. 'ज्युनिअर काढेल की शेवटचा तुकडा,' मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या बाळाला पाळणाघरात टाकायला सांगतेय.

काल तिने आणखी दोन दिवस मागितलेत. एचआरचं उत्तर अजून आलेलं नाही. ओव्हन ऐंशीवर चालू आहे.