पत्रा की शिंगल?

परवा एका मित्राचा फोन आला. तोही आमच्यासारखाच मिनियापोलिसच्या उपनगरात राहणारा. घराचं छप्पर बदलायला झालंय म्हणाला. "तुम्ही मध्ये केलंत ना हे सगळं? एका वाक्यात सांग, पत्रा घालू की शिंगल?"

एका वाक्यात काही सांगता येईना. तासभर बोललो, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मुख्य गोष्ट सांगायचीच राहिली! म्हणून हे लिहितोय. तिकडच्या घरच्या मंडळींनाही वाचायला बरं पडेल. "छपरासाठी एवढे पैसे?" हा प्रश्न त्यांनी मला निदान दहा वेळा विचारला आहे.

तर सुरुवात २०२३ च्या फेब्रुवारीपासून. त्या हिवाळ्यात इथे मोजून ९०.३ इंच बर्फ पडला. म्हणजे सव्वादोन मीटरहून जास्त. मिनियापोलिसच्या नोंदींमधला हा तिसऱ्या क्रमांकाचा हिवाळा. एका रात्री बायकोने मला हलवून उठवलं. "अरे, खाली कुठेतरी पाणी ठिबकतंय." खाली जाऊन बघतो तर जेवणाच्या खोलीत, खिडकीच्या वरच्या बाजूला छतावर चहा सांडल्यासारखा डाग, आणि त्यातून थेंब थेंब पाणी. बाहेर उणे पंधरा. पाऊस नाही, काही नाही. मी मुकाट्याने स्वयंपाकघरातून एक पातेलं आणून खाली ठेवलं. ठेवलं आणि हसूच आलं. श्रीवर्धनजवळच्या आमच्या घरात लहानपणी पावसाळ्यात मी हेच काम करायचो. कुठल्या गळतीखाली कुठलं भांडं ठेवायचं हे आईचं ठरलेलं असायचं.

पण तिकडे गळायचं ते कौल सरकलं म्हणून किंवा माकडाने फोडलं म्हणून. इथे काय झालं होतं?

इथे त्याला 'आइस डॅम' म्हणतात. समजायला सोपं आहे. घरात हीटर चालू. ती गरम हवा फटींतून, दिव्यांच्या भोकांतून, बाथरूमच्या पंख्याच्या कडेने माळ्यावर जाते. माळा तापतो, छप्पर खालून तापतं, आणि छपरावरच्या बर्फाचा सगळ्यात खालचा थर वितळतो. ते पाणी उतारावरून खाली येतं. पण वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली गरम माळा नाही. तिथे येऊन पाणी परत गोठतं. असं रोज होत होत कडेला बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारं पाणी त्या बांधामागे तुंबतं आणि शिंगलखाली शिरतं. शिंगल्स एकावर एक नुसते टेकलेले असतात, वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी. तुंबलेलं पाणी अडवणं हे त्यांचं कामच नाही.

आमच्या पागोळ्या गोठून चार चार फुटांच्या झाल्या होत्या. मी त्यांचे फोटो काढून फेसबुकवर टाकले होते, 'व्हाइट ख्रिसमस' वगैरे लिहून! तो सगळा आमच्या गॅसच्या बिलाचा बर्फ होता हे नंतर कळलं.

उन्हाळ्यात कॉन्ट्रॅक्टर मंडळी आली. तीन जण. पहिला छपरावर न चढताच कोटेशन देऊन गेला. दुसऱ्याने गटरमधून मूठभर काळी रेती काढून माझ्या हातावर ठेवली. मी इतकी वर्षं तिला माती समजून काढून टाकत होतो. ती शिंगलची रेती होती. शिंगल म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, तिच्यावर डांबर, आणि डांबराला ऊन लागू नये म्हणून वर दगडाची रंगीत रेती दाबलेली. रेती गळायला लागली की शिंगलचं म्हातारपण आलं समजायचं. आमचे २००१ मध्ये घातलेले होते, म्हणजे बावीस वर्षांचे. चांगलेच जगले म्हणायचे.

आता नवीन घालायचं तर काय? शिंगलचं कोटेशन सोळा हजार डॉलर. पत्र्याचं एकोणचाळीस हजार.

पत्रा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर गोठ्यावरचा पत्रा आला असेल. माझ्याही आला होता. पण हा 'स्टँडिंग सीम' प्रकार वेगळा. आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड एकेक पट्टी, कडा उभ्या दुमडून एकमेकींत अडकवलेल्या, स्क्रू एकही दिसत नाही. खालून क्लिपा असतात, त्यांच्यावर पत्रा थोडा सरकू शकतो. आणि त्याला सरकावं लागतंच. ३० जानेवारी २०१९ ला इथे उणे २८ फॅरनहाइट होतं, म्हणजे उणे ३३ सेल्सिअस. जुलैच्या उन्हात तोच पत्रा साठ-पासष्ट सेल्सिअसला जाणार. सहा मीटर लांबीची पोलादी पट्टी तेवढ्यात जवळजवळ सात मिलिमीटर कमी-जास्त होते. स्वस्तातला पत्रा वरून स्क्रू मारून बसवतात. तिथे हीच ओढाताण वर्षानुवर्षं होऊन स्क्रू ढिले होतात आणि त्याखालचे रबरी वायसर फाटतात. म्हणून तो नाही. घालायचाच तर हा महागातला. चाळीस-पन्नास वर्षं बघायला नको.

खरं सांगतो, मला पत्रा आवडला होता. गडद राखाडी रंगसुद्धा मनात ठरला होता.

आणि इथेच माझी जरा पंचाईत होती.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या गावच्या घराचं अर्धं छप्पर गेलं. कौलं अंगणभर, दोन वासे मोडलेले, नारळ आडवे. करोनामुळे विमानं बंद, मी इथे अडकलेला. धाकट्या भावाने चार दिवस ताडपत्रीखाली काढले आणि मग फोन केला. "दादा, पत्रा घालतोय." मी त्याला इथून फोनवर लांबलचक भाषण दिलं. कौलारू घर म्हणजे काय, बाबांनी मंगलोरी कौलं किती हौसेने घातली होती, पत्रा उन्हाळ्यात कसा तापतो, पावसात कसा ताडताड वाजतो... त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शाकारणीला तू येणार आहेस का दर वैशाखात? इथे आता कौलावर चढायला माणूस मिळत नाही." त्याने पत्राच घातला. मी पैसे पाठवले. पण नंतर बरेच महिने आमचं बोलणं कामापुरतंच होतं.

आणि आता तोच मी, पत्र्याचा रंग निवडत बसलो होतो.

तिसरा कॉन्ट्रॅक्टर म्हातारासा होता. तो छपरावर चढण्याआधी माळ्यावर चढला! खाली येऊन म्हणाला, "तुम्ही वर काहीही घाला, पाणी परत येईल. तुमचं छप्पर गरम आहे." मग त्याने दाखवलं. दिव्यांची भोकं, चिमणीच्या कडेची फट, पाइप जातात तिथली जागा, माळ्याच्या झाकणाची कड. सगळीकडून घरातली ऊब वर जात होती. बाथरूमच्या पंख्याची नळी तर छपराबाहेर न जाता माळ्यातच सोडलेली होती.

मला हे पचायला वेळ लागला. आपल्याकडे छपराचं काम पाणी अडवणं. हवा कौलांच्या फटींतून येते-जाते, त्याचं कोणाला काही नाही. इथे उलट. घर गरम ठेवायचं पण छप्पर गार ठेवायचं! आधी फटी बुजवायच्या. मग माळ्यावर इन्सुलेशन, इथल्या थंडीसाठी निदान 'आर-४९'. आणि वळचणीच्या जाळीतून बाहेरची गार हवा आत येऊन आढ्यावरच्या फटीतून निघून जायला वाट ठेवायची. म्हणजे बर्फ वितळतच नाही, जिथे पडला तिथे राहतो. या सगळ्याचा खर्च ३,८०० डॉलर. शिवाय नवीन छपराखाली कडेने एक चिकट रबरी पडदा घालायचा, बाहेरच्या भिंतीच्या आत निदान २४ इंच जाईल इतका. चुकून पाणी तुंबलंच तर तो अडवतो.

मी विचारलं, "मग पत्रा की शिंगल?" तो म्हणाला, "ते तुम्ही इथे किती वर्षं राहणार त्यावर आहे."

झालं! एवढा साधा प्रश्न. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

आम्ही २००१ मध्ये इथे आलो ते 'तीन वर्षांसाठी'. मग मुलीची शाळा, मग ग्रीन कार्ड, मग मुलीचं कॉलेज. दर वर्षी 'दोन-चार वर्षांत परत जाऊ' हे वाक्य आमच्या घरात आहेच. पुण्यात त्यासाठी एक फ्लॅटसुद्धा घेऊन ठेवला होता. तो आम्ही खोटं बोलायचो असं नाही. खरंच वाटायचं. फक्त तारीख कधी घातली नव्हती.

त्या रात्री कागद घेऊन बसलो. मी म्हटलं, "मी सत्तावन्नचा. शिंगल वीस-बावीस वर्षं टिकले तर एकोणऐंशीव्या वर्षी परत हीच कटकट. पत्रा घातला की आपल्या हयातीत बघायला नको." बायको म्हणाली, "एकोणऐंशीव्या वर्षी तू हा जिना चढणार आहेस? ड्राइव्हवेवरचा बर्फ काढणार आहेस?" मी म्हटलं, "तोपर्यंत आपण पुण्याला असू." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी नाही जाणार रे. लेक इथे आहे. मला वाटतं तुलाही माहीत आहे."

माहीत होतंच. तरी ऐकल्यावर पोटात कसंसंच झालं. आम्ही बराच वेळ तसेच बसलो. कोणी रडलं वगैरे नाही. तिने चहा केला.

गंमत म्हणजे, राहायचं ठरलं तर पत्रा घ्यायला हवा होता, नाही का? पण कागदावर वेगळंच निघालं. आम्ही परत जाणार नाही, पण याही घरात कायम राहणार नाही. फार तर पंधरा वर्षं. मग याच गावात जिना नसलेली, बर्फ दुसरा कोणी काढेल अशी जागा. पंधरा वर्षांसाठी पन्नास वर्षांचं छप्पर कशाला? घर विकताना ते जास्तीचे तेवीस हजार परत येतील याची खात्री नाही. शिवाय आमच्या छपराला तीन खोलगट कोपरे, तिथे पत्र्याचं काम अवघड आणि महाग. पुढचं दार उत्तरेला, पत्र्यावरून बर्फ एकदम लादीसारखा घसरतो तो नेमका दारात येणार. त्याला अडवायला आणखी खुंट्या बसवा. आणि गारांनी पत्र्याला नुसते पोचे आले, गळलं नाही, तर पुष्कळ विमा पॉलिसी त्याचे पैसे देत नाहीत. (पत्रा वाजतो ही भीती मात्र इथे खोटी आहे. खाली लाकडी फळ्या आणि इन्सुलेशन असतं.)

शिंगल्स घातले. सप्टेंबरमध्येच उरकलं, कारण त्यांच्या खालचा चिकट पट्टा उन्हाच्या उबेने चिकटतो. थंडीत घातले तर चिकटत नाहीत आणि हाताळताना तडकतात. कागदावर 'लाइफटाइम वॉरंटी' लिहिलेलं आहे. कोणाचा लाइफटाइम ते बारीक अक्षरात आहे. बारीक अक्षर वाचलं तर जसजशी वर्षं जातात तसतशी भरपाई कमी होत जाते. असो.

पुढचा २०२३-२४ चा हिवाळा इथला नोंदींतला सगळ्यात उबदार निघाला, त्यामुळे मला फुशारकी मारता आली नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बर्फ पडला की मी मुद्दाम गल्लीतून चक्कर मारून यायचो. आमच्या छपरावर बर्फ सगळीकडे सारखा, बरेच दिवस टिकलेला. पागोळ्या अगदी बोटभर. पूर्वी मला बर्फ लवकर गेलेली घरं ऐटीत वाटायची. आता त्यांच्या गॅसच्या बिलाची काळजी वाटते!

काम झाल्यावर भावाला फोन केला. म्हटलं, "तू पत्रा घातलास ते बरोबर होतं. मी उगाच बोललो." तो हसला. म्हणाला, "पत्रा तापतो रे दादा, तू म्हणालास ते खोटं नव्हतं. आता खाली प्लायवूडचं छत मारून घेतलंय." मग म्हणाला, "जूनमध्ये ये एकदा, बघ किती वाजतो ते." पुढच्या जूनमध्ये गेलो. पहिल्या पावसाला रात्री दोघं ओटीवर बसलो होतो. बोलणं काही ऐकू येत नव्हतं, इतका वाजत होता. बरं वाटलं.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. आधी माळ्यावर चढ आणि ऊब कुठून जातेय ते बघ. मग वहिनींबरोबर बस आणि त्या घरात अजून किती वर्षं राहायचं ते ठरव. खरोखर ठरव, 'दोन-चार वर्षं' नको. तेवढं झालं की पत्रा की शिंगल हे पाच मिनिटांचं काम आहे.

आमचं पाच मिनिटांतच झालं. त्याआधी बावीस वर्षं गेली, एवढंच.