फटाक्यांची यादी

नवरात्र संपत आलं की बाबा कंपनीतून घडी घातलेला एक कागद आणायचे. पिंपरीच्या त्यांच्या कंपनीत कामगारांचं ग्राहक भांडार होतं, त्या भांडाराची फटाक्यांची यादी. आमची दिवाळी त्या कागदापासून सुरू व्हायची.

सायक्लोस्टाइल केलेला कागद, शाई बोटाला लागायची. मालाचं नाव, पाकिटात नग किती, दर, आणि शेवटी एक रिकामा रकाना, आपली मागणी लिहायला. चित्र एकही नाही. अमेरिकेतल्या मुलांना नाताळाआधी सिअर्सचा जाडजूड रंगीत कॅटलॉग मिळायचा, हे फार नंतर वाचलं. आम्हाला नुसत्या नावांवर भागवावं लागे आणि ते भागायचं. लक्ष्मी बॉम्ब, सुतळी बॉम्ब, भुईचक्र, नागगोळी, लवंगी माळ. नारायण पेठेतल्या वाड्यात जिन्याच्या पायरीवर बसून दादा ती यादी मोठ्यानं वाचायचा आणि प्रत्येक नावाला तोंडानं आवाज काढायचा.

बजेट 75 रुपये, पगारातून दोन हप्त्यांत कापून जाणारे. म्हणजे खरं काम पेन्सिल-खोडरबराचं. दादा बाणांवर फुली मारायचा, "वर गेले की संपले, पैसे शेजारच्यांनी बघायचे." मला टिकल्या हव्यात, त्याला सुतळी बॉम्ब. आई शेवटी येऊन फुलबाज्यांची दोन पाकिटं वाढवायची आणि आमची सगळी बेरीज बिघडायची. आठ-दहा दिवस हेच. फटाके मात्र दोन दिवसांत उडून जायचे. खरं सांगू? मला उडवण्यापेक्षा यादीच जास्त आठवते.

ही गोष्ट 1988 च्या आसपासची, मी दहा वर्षांची.

1996 च्या डिसेंबरात, कॉलेजात असताना, शिवकाशीच्या बालमजुरांबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पेपरात वाचला. धोक्याच्या कामावर ठेवलेल्या प्रत्येक मुलामागे मालकानं 20,000 रुपये भरायचे, असा आदेश होता. त्याच बातमीत कळलं की चौदा वर्षांखालच्या मुलांना फटाक्यांच्या कामावर ठेवायला 1986 च्या कायद्यानंच बंदी होती. मी मनात वर्षं मोजली. आमची पेन्सिल चालायची तेव्हा कायदा होऊन दोन वर्षं झाली होती. माझ्या टिकल्यांच्या डब्या भरणाऱ्यांत माझ्याच वयाचं कोणी असेल का?

रात्री जेवताना हे बोलले. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आम्ही दर बघायचो गं. बाहेरच्यापेक्षा स्वस्त पडतं एवढंच." दादा भडकला, म्हणाला, आता काय लहानपणसुद्धा चुकीचं ठरवणार का? मी उत्तर दिलं नाही. मला देता आलं नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण भाचा. गेल्या दिवाळीआधी त्यानं फोन पुढे केला, "आत्या, बघ ना." शिवकाशीच्या दुकानाची पीडीएफ, रंगीत चित्रं, छापील दर आणि त्यावर 80 टक्के सूट. ऑर्डर व्हॉट्सॲपवर. पहिल्याच पानावर दहा हजारांची माळ. आता 23 ऑक्टोबर 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आठवा: माळांवर बंदी, ऑनलाइन विक्रीवर बंदी, फक्त हरित फटाके, तेही दिवाळीला रात्री आठ ते दहा. हरित फटाके तयार केले आपल्याच नागपूरच्या 'नीरी'नं, खोक्यावर त्यांचं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. त्या पीडीएफमध्ये मी शेवटच्या पानापर्यंत शोधलं. चिन्ह नाही, कोड नाही. आणि आपल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर या याद्या कोण फिरवतं? आपणच. निकाल माहीत असलेले, सकाळी धुराबद्दल पोस्ट टाकणारे.

मी काही फटाके सोडलेली बाई नाही. फुलबाजीचा वास अजून आवडतो. भाच्याला घेऊन वर्तक बागेजवळच्या स्टॉलवर गेले, खोकी उलटी करून कोड शोधायला लावले. स्टॉलवाला वैतागला, मागे रांग खोळंबली. चार खोक्यांवर सापडला, बाकी तशीच ठेवली.

घरी आल्यावर भाच्यानं विचारलं, "आत्या, कोडमध्ये हे कोणी बनवलं ते पण कळतं का?"

दोघांनी मिळून स्कॅन केला. मुलांचं काही त्यात नव्हतं.